पूर्णेच्या वळणावरची गोड माती

पूर्णेच्या काठच्या सावरखेडात विहिरी पुष्कळ होत्या, पण प्यायजोगं पाणी एकीलाही नव्हतं. पोहरा वर ओढला की पाणी दिसायला आरशासारखं स्वच्छ, आणि ओंजळ ओठांना लावली की तोंड वाकडं व्हायचं. गुरं ते पाणी प्यायची, बाया त्यात धुणी धुवायच्या. माणसांनी प्यायचं ते नदीचंच. नदीही काही बारमाही भरवशाची नव्हती. होळी झाली की धार तुटायची आणि पाणी डोहांपुरतं उरायचं. म्हणून सावरखेडात घर केवढंही असो, ओसरीत रांजण असायचाच. बाया पहाटे डोहावरून पाणी आणून रांजण भरायच्या आणि सगळा उन्हाळा त्या रांजणांच्या जिवावर काढायच्या.

हे रांजण घडवायचा नत्थुजी कुंभार.

त्याच्या रांजणाचं नाव पार अकोटापर्यंत होतं. सकाळी भरलेलं पाणी भर दुपारी प्यालं तरी छातीपर्यंत गारवा उतरायचा. काठाला बोटाची टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखा नाद निघायचा. गिऱ्हाईक अंगणात आलं की नत्थुजी आधी बोलायचा नाही, चार रांजणांना टिचक्या मारत जायचा आणि मग विचारायचा, "सांगा, कोनता देऊ?" गडी उंच, सडसडीत, हातांची बोटं लांब. चाकावर बसला की मातीचा गोळा त्याच्या हातात झाडाचा कोंब फुटावा तसा वर चढायचा. बघणारे बघत राहायचे, आणि कुणी बघतंय हे त्यालाही बरं वाटायचं.

पण चाकावरून उतरतो तो काही रांजण नसतो. ते एक जाड बुडाचं, ओबडधोबड भांडं असतं. ते थोडं सुकलं की आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी चोपण्यानं ठोकत ठोकत त्याचं पोट फुगवायचं, बूड गोल करायचं, सगळीकडून जाडी सारखी आणायची. नत्थुजीच्या घरी हे काम त्याची बायको माणिकबाई करायची. ती दर्यापूरकडची. सासूनं तिला चोपणं धरायला शिकवलं आणि वर्षभरात सासूच म्हणाली की आता माझ्यापेक्षा हिचाच हात चांगला आहे. माणिकबाई दुपारभर घराच्या मागच्या सावलीत मांडीवर भांडं घेऊन बसायची आणि ठक ठक ठक असा एका लयीतला आवाज गावाला ऐकू यायचा. अंगणात रांजणांना टिचक्या मारल्या जात तेव्हा ती मागेच असायची, कोपरापर्यंत मातीनं भरलेली. गिऱ्हाइकांना ती दिसायची नाही, आणि तिला पुढे बोलवावं असं नत्थुजीच्या मनात कधी आलं नाही. रांजण नत्थुजीचे, असंच सगळे म्हणत. तोही तसंच म्हणायचा.

आणि माती. सावरखेडची जमीन पाण्यासारखीच खारी. त्या मातीचं मडकं आव्यातून भाजून निघताना चांगलं दिसायचं, पण पाणी भरलं की महिन्या-दोन महिन्यांत त्याच्या अंगावर पांढरं फुटायचं आणि पापुद्रे सुटायचे. गोड माती एकाच ठिकाणी होती. गावाच्या वरच्या अंगाला पूर्णा जिथे वळते, तिथल्या आतल्या कोपऱ्यात, दर पुराला नदी डोंगराकडचा गाळ आणून टाकायची. लोण्यासारखी मऊ, किंचित तांबूस, जिभेवर ठेवली तर खाराचा मागमूस नाही. ही जागा नत्थुजीच्या आज्यानं शोधली होती. त्यानं घरात एक रीत घालून दिली होती: पूर ओसरला की नव्या थरातली माती काढायची, खालच्या जुन्या थराला कुदळ लावायची नाही. नदी देईल तेवढंच न्यायचं. त्याच्या बापानं ही रीत पाळली, आणि अर्धं आयुष्य नत्थुजीनंही पाळली.

मग कपाशीचे दिवस आले.

सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, आणि विलायतेतल्या गिरण्यांना तिकडून कापूस मिळेनासा झाला होता, एवढंच सावरखेडात कळलं. पण इथला कापूस, जो आजवर बंडीत भरून नेला तर व्यापारी नाक मुरडायचा, त्या कापसासाठी आता व्यापारी स्वतः खळ्यावर येऊन बसू लागले. पहिल्या वर्षी लोकांना खरं वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी ज्वारीची वावरं मोडून पऱ्हाटी लागली. तिसऱ्या वर्षी नदीपासून शिवेपर्यंत जिकडे पाहावं तिकडे पांढरं. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या, कुणी लग्नात नागपूरहून वाजंत्री आणली. अकोटच्या बाजारात दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत बंड्यांची रांग तुटायची नाही.

नत्थुजीला या भरभराटीची पहिली झळ खळ्यावर लागली. कुंभाराचं बलुतं ज्वारीच्या राशीतून मिळायचं. आता रासच नव्हती. "कापसातनं तुले काय देऊ, पसाभर सरकी?" असं म्हणून लोक हसायचे. ते वाईट मनानं हसत नव्हते. पण घरी आल्यावर ते हसणं नत्थुजीच्या कानात राहायचं.

दुसरी झळ जास्त लागली. खुशालराव पाटलाच्या मुलीचं लग्न होतं. सावरखेडच्या पाटलाच्या घरी लग्नाला नवा रांजण द्यायचा मान कुंभाराचा. नत्थुजीनं त्या खेपेला आयुष्यातला सगळ्यात मोठा रांजण घडवला. माणिकबाईनं तो ठोकून ठोकून इतका सारखा केला होता की उन्हात धरला तर वाटावं, आतून उजेड दिसेल. दोघांनी तो बंडीत गवतावर ठेवून पाटलाच्या दारात नेला. ओसरीत पितळेचे नवे हंडे एकावर एक रचलेले होते, आणि मधोमध माणूस बसेल एवढं तांब्याचं घंगाळ.

पाटील आनंदात होता. तो म्हणाला, "नत्थू, लय झकास केला रे. पन आता इथं जागा कोठी हाये? गोठ्यात ठेव. गुराले पानी पाजाले कामी येईन."

नत्थुजीनं रांजण गोठ्यात ठेवला. घरी आल्यावर माणिकबाई म्हणाली, "गुरं तं गुरं. पानी गारच राहीन. तांब्यातलं पानी किती दिवस पितात, पाहू."

तिचं म्हणणं बरोबर होतं, हे त्याला पुढे कळलं. त्या दिवशी त्यानं डोक्यावरून पांघरूण ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्याच हिवाळ्यात गोवर्धन नावाचा मुकादम गावात आला. अकोल्याला कापसाची मोठाली गोदामं उठत होती, आगगाडीचा रस्ता येणार होता, पूल व्हायचे होते, आणि या सगळ्याला विटा लागत होत्या. त्या पुरवायचं काम एका ठेकेदारानं घेतलं होतं आणि गोवर्धन त्याचा माणूस. त्यानं आसपासच्या गावांत भट्ट्या लावून पाहिल्या होत्या, पण खाऱ्या मातीच्या विटा साहेबाच्या माणसानं परत पाठवल्या. गोवर्धननं त्यातली एक वीट नत्थुजीपुढे ठेवली आणि अंगठ्यानं तिचा कोपरा दाबला. कोपरा भुगा होऊन खाली पडला.

"पाहा," तो म्हणाला. "पाऊस लागला का सारी भिंत खाली. तुमचे रांजण मी अकोटाले पायले नत्थुजी. पांढरं फुटत नाई त्याईले. तुमी माती आनता कोठून?"

नत्थुजीनं सांगितलं नसतं, तर गोवर्धनला ती जागा सापडली नसती. गावातल्या लोकांनाही ती नीट ठाऊक नव्हती. कुंभार नदीवरून माती आणतो, एवढंच त्यांना माहीत. पण गोवर्धननं त्याला 'नत्थुजी' म्हटलं होतं, जाजमावर आपल्या शेजारी बसवलं होतं, आणि वर म्हणाला होता, "भट्टीचं काम तुमीच पाहा. आगीची पारख तुमच्यासारखी कोनाले हाये?" गोठ्यातला रांजण नत्थुजीच्या डोळ्यापुढून गेला नव्हता. तो उठला, गोवर्धनला घेऊन नदीच्या वळणावर गेला, आणि पायानं गवत बाजूला सारून त्यानं माती दाखवली.

संध्याकाळी त्यानं घरी सांगितलं तेव्हा माणिकबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"काहून दाखवली तुमी त्याले?"

"दाखवली तं काय झालं? माती हाये, सोनं थोडंच हाये."

"सोनं असतं तं मी नसतं इचारलं," ती म्हणाली.

"पूर येते, दरसाल नवी माती येते. संपून राहिली का ती?"

"वरचा थर येते. हे लोक कुदळी घिऊन येतीन. तुमच्या आज्यानं काय सांगतलं होतं?"

"आज्याच्या काळात आगगाडी होती का?" नत्थुजी म्हणाला, आणि त्याला वाटलं की आपण बिनतोड बोललो.

पाटलानं नदीकाठची ती जागा खणायला परवानगी दिली. त्याचं तिथे काय पिकत होतं? पाडव्याच्या आत भट्टी लागली. मातीच्या बंड्या सुरू झाल्या. पहिल्या विटा इतक्या पक्क्या निघाल्या की गोवर्धननं दोन विटा एकमेकींवर आपटून दाखवल्या आणि म्हणाला, "ह्या घ्या. लोखंड." नत्थुजीला लोक आता मिस्त्री म्हणू लागले. अकोल्याहून त्यानं लाल पागोटं आणलं. चाक उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. सुरुवातीला कधीमधी तो त्यावर बसायचा. मग महिनोन्महिने बसला नाही. कुणी माठ मागायला आलं तर म्हणायचा, "आता अकोटाले पाहा बुवा. मले येळ कोठी हाये?"

त्याच भरात त्यानं मुलीचं, वच्छलाचं लग्न लावून दिलं. स्थळ अमरावतीचं, घर कुंभाराचंच, मोठं. गावात कुंभाराच्या घरी एवढी पंगत कुणी पाहिली नव्हती. वच्छला आईजवळ बसून ठोकायला शिकली होती आणि तिचा हात आता कुठे बसत होता. माणिकबाईचं म्हणणं होतं, दर्यापूरला तिच्या माहेराजवळ एक साधं घर आहे, पोरगी जवळ राहील. पण नत्थुजीला अमरावती म्हणायला गोड वाटत होतं. निघताना माणिकबाईनं आपला दगडी गोटा मुलीच्या पदरात बांधून दिला. नत्थुजीनं ते पाहिलं आणि म्हणाला, "अवो, त्याईच्याकडे गोटे नाईत का?" माणिकबाईनं पदराची गाठ आणखी घट्ट आवळली.

भट्टीवर माणसं कमी पडत होती, कारण जो तो कापूस वेचायला. म्हणून माणिकबाई विटा वाहायला जाऊ लागली. जिच्या ठोक्याची लय गाव ऐकायचं ती बाई आता डोक्यावर पाटी घेऊन रांगेत चालायची. नत्थुजी भट्टीच्या टोकाला पागोटं घालून उभा असायचा. त्याला यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांच्याच बाया येत होत्या.

मिरगाला थोडे दिवस उरले होते. पुलाचं काम पावसाच्या आत व्हायला हवं होतं आणि अकोल्याहून निरोपावर निरोप. गोवर्धन स्वतः येऊन बसला. भट्टी विझून थोडेच दिवस झाले होते. ती अजून निवली नव्हती. जवळ गेलं तरी धग लागायची.

"वरचे थर तरी काढू," गोवर्धन म्हणाला. "बंड्या उभ्या हायेत नत्थुजी. मी तथी काय तोंड दाखवू?"

माणिकबाईनं भट्टीच्या बाजूला तळहात धरून पाहिला. "आतून तापेल हाये अजून," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "राहू द्या. अजून निवू द्या."

तिचं खरं आहे हे नत्थुजीला कळत होतं. आगीची पारख त्याला होतीच. पण गोवर्धन त्याच्याकडे पाहत होता, मजूर त्याच्याकडे पाहत होते, आणि मजुरांपैकी कुणी पुढे व्हायला तयार नव्हतं. त्यांना लाजवावं म्हणून तो मोठ्यानं म्हणाला, "तुमाले भेव वाटते का? माही बायको चढते पाहा. जा वो, वच्छीची माय. चढ."

माणिकबाईनं त्याच्याकडे पाहिलं. ती नजर तो पुढे कधी विसरला नाही, आणि तिच्यात राग नव्हता, हे त्याला जास्त लागायचं. तिनं पदर खोचला आणि ती चढली. वरच्या विटा तिनं उचलून दिल्या. काही झालं नाही. मजूरही पुढे सरसावले. मग ती थोडी आत सरकली आणि पायाखालचा थर खचला. आत कोळसा जळून पोकळी झाली होती. पडताना तिनं उजवा हात टेकला, आणि तो कोपरापर्यंत आत गेला.

तिला बाहेर ओढायला क्षणही लागला नसेल. पण तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं.

वैदूनं लेप लावले, अकोटाहून कुणी मलम आणलं. जीव वाचला. पावसाळाभर ती अंथरुणावर होती आणि नत्थुजी तिला भरवायचा. दसऱ्याच्या सुमारास जखम भरली, पण बोटं आखडून एकमेकांना चिकटली होती. मूठ उघडायची नाही आणि बंदही व्हायची नाही. नत्थुजी म्हणाला, "होईन बरी. तेल लावू." माणिकबाईनं हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "भाकर डाव्या हातानं होईन. थे काम गेलं." ते काम म्हणजे कोणतं, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

त्या वर्षी तिकडची लढाई संपल्याची बातमी आली. ज्या व्यापाऱ्यांनी खळ्यावर जाजमं टाकली होती ते दिसेनासे झाले. कापूस पुन्हा बंडीत भरून बाजाराच्या दारात उभा राहू लागला आणि व्यापारी पुन्हा नाक मुरडू लागला. गोदामं बांधायची थांबली. गोवर्धन एकदा "येतो" म्हणून गेला तो आलाच नाही. भट्टीत अर्ध्या भाजलेल्या विटा तशाच राहिल्या आणि गावातल्या पोरांनी त्या नेऊन नेऊन त्यांचे किल्ले केले. पितळेचे हंडे गावात आले तसेच एकेक करून बाहेर गेले. पाटलाचं घंगाळ राहिलं, पण पुढच्या उन्हाळ्यात पाटील स्वतः चालत नत्थुजीच्या अंगणात आला.

"नत्थू," तो ओट्यावर बसत म्हणाला, "तांब्यातलं पानी उन्हायात तोंडात धरवत नाई रे. गोठ्यातला थो रांजन बैलानं फोडला. एक करून दे."

हेच वाक्य ऐकायला नत्थुजी एकेकाळी काय वाटेल ते द्यायला तयार झाला असता. आता त्यानं नुसती मान हलवली.

तो गाढवं घेऊन वळणावर गेला. बऱ्याच दिवसांत तो त्या बाजूला फिरकला नव्हता. जिथे माती होती तिथे मोठा खड्डा होता, घर मावेल एवढा, आणि त्यात हिरवं पाणी साचलेलं. काठावर पांढरा खार फुटला होता. गोड माती खालपर्यंत उकरून नेल्यावर खालची खारी जमीन उघडी पडली होती, आणि दोन पावसाळ्यांत नदीनं आपली वाट बदलली होती. ती आता पलीकडच्या काठाला लागून वाहत होती. पुराचा गाळ इथे यायची सोयच राहिली नव्हती. नत्थुजी खड्ड्याच्या काठावर बसला. खालची माती बोटावर घेऊन त्यानं जिभेला लावली. खारट. थोडी पलीकडची घेतली. तीही खारट. मग तो रिकामी गाढवं घेऊन परत आला.

माणिकबाई दारात होती. तिनं गाढवांकडे पाहिलं आणि त्याला पाणी आणून दिलं. "मी सांगतलं होतं" हे शब्द तिनं त्या दिवशी उच्चारले नाहीत, आणि नंतरही कधी नाहीत. नत्थुजीला वाटायचं, म्हणावं एकदा. म्हटलं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं.

उन्हाळाभर तो माती शोधत हिंडला. शेवटी अकोटाच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका नाल्यात त्याला बरी माती मिळाली. वळणावरच्या मातीसारखी नाही. जरा भरड, पण गोड. जाऊन यायला मुक्काम पडायचा. त्यानं चाक भिंतीवरून काढलं, धूळ पुसली आणि बसला. पहिले दोन दिवस गोळा मधोमध बसेना. तिसऱ्या दिवशी बोटांना आठवलं. भांडं चाकावरून उतरलं, सुकलं, आणि मग ते मागच्या सावलीत नेऊन ठेवताना तो थांबला. तिथे बसून ठोकायला आता कुणी नव्हतं.

मग तो स्वतः बसला. माणिकबाईचा गोटा लेकीकडे गेला होता; दुसरा एक शोधून त्यानं आत धरला आणि चोपणं उचललं. आयुष्यभर हा आवाज ऐकला होता. त्यात काय आहे, असं त्याला वाटत होतं. पहिलं भांडं त्यानं ठोकून फाडलं. दुसरं एका बाजूला लोंबलं. तिसरं गोल झालं, पण आव्यात तडकलं. माणिकबाई दारातून हे पाहत होती. एक दिवस ती येऊन त्याच्यासमोर बसली.

"मारू नोका त्याले," ती म्हणाली. "मारून राहिले तुमी. आवाज आयका."

"कोनता आवाज?"

"ठोका." तिनं डोळे मिटले. त्यानं ठोकायला सुरुवात केली. "तथी जाड हाये. आवाज बसका येते. थोडं खाली... आता पातळ झालं, सोडा थे. गोटा आधी सरकवा, मंग चोपनं. गोटा नाई तथी मारसान तं फाटन."

ती मिटल्या डोळ्यांनी सांगत राहिली आणि तो करत राहिला. कुठे जाड, कुठे पातळ, कुठे ओल उरली आहे, हे तिला पलीकडे बसून नुसतं ऐकून कळत होतं. तिचा आखडलेला हात मांडीवर पडला होता आणि तो प्रत्येक ठोक्याला किंचित हलत होता. ते नत्थुजीला दिसलं. त्याचं चोपणं थांबलं.

"काहून थांबले?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"काई नाई," तो म्हणाला आणि पुन्हा ठोकू लागला.

त्या दिवशी त्याला समजलं ते असं की रांजणाचा तो नाद, जो टिचकी मारून तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, तो चाकावर तयार होत नव्हता. पाणी गार ठेवणारी ती सारखी जाडी त्याच्या बोटांची नव्हती. तो मातीला उभं करायचा, एवढंच. बाकी सगळं मागच्या सावलीत व्हायचं. हे त्याला पंचवीस वर्षांपूर्वीच कळू शकलं असतं. नुसतं मागे जाऊन बसायला हवं होतं.

पाटलाला रांजण मिळाला. पाणी राहायचं, गारही व्हायचं, पण पहिल्यासारखं नाही. टिचकी मारली तर आवाज मातीचाच यायचा. सावरखेडचे लोक घेऊन जात, कारण दुसरं होतं काय? पण म्हणायचे, नत्थुजीचा हात उतरला. अकोटाची एक बाई, जिच्या सासरी त्याचे जुने रांजण होते, ती एकदा अंगणात येऊन चार रांजणांना टिचक्या मारून पाहून म्हणाली, "भाऊ, आमच्याकडचे तुमीच केले ना? मंग हे असे काहून? हात तं तुमचाच हाये."

माणिकबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. नत्थुजीनं तिच्याकडे पाहिलं.

"थो हात हिचा होता," तो म्हणाला. "मी नुसता चाक फिरवत होतो."

बाईला वाटलं, म्हातारा थट्टा करतो. ती हसली आणि एक लहान माठ घेऊन गेली. ती गेल्यावर माणिकबाई निवडता निवडता म्हणाली, "आता म्हनून काय." आणि मग, थोड्या नरम आवाजात, "थो रांजन उन्हात हाये. सावलीत सरकवा, तडकन."

त्यानं सरकवला.

त्यानंतर काही वर्षं ते दोघं असे राहिले: तो ठोकणार, ती डोळे मिटून सांगणार. त्याचा हात सुधारला, पण तिच्याइतका कधी झाला नाही, आणि ती तसं स्पष्ट सांगायची. कधीकधी एखादं भांडं बरं उतरलं की ती म्हणायची, "हे चालते." त्यावर तो दिवसभर खूश असायचा. लोकांना आश्चर्य वाटायचं की या वयात कुंभार चाक सोडून बायकोसमोर का बसतो.

महामारीच्या साथीत माणिकबाई गेली. सकाळी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि दिवे लागायच्या आत सगळं आटोपलं. कुंभाराच्या दारात तिरडी बांधली जात होती आणि खांद्यावरून न्यायच्या मडक्यासाठी कुणी घरात शिरलं. कोनाड्यात एक जुनी घागर होती. वळणावरच्या मातीची, माणिकबाईच्या हातची, घरात उरलेली तेवढी एकच. त्या माणसानं ती उचलली.

"ती ठेव," नत्थुजी म्हणाला.

"मडकं लागन ना, काका."

"माह्यं घे. तथी पडवीत हाये, तिरपं झालेलं. थे फोडाचंच हाये."

त्यानं आपण ठोकलेलं मडकं खांद्यावर घेतलं. त्याला भोक पाडलं, पाणी सांडत तो तीन फेरे फिरला आणि ते मागे टाकून दिलं. ते फुटल्याचा आवाज बसका आला.

अमरावतीहून वच्छला आली तेव्हा सगळं संपून दोन दिवस झाले होते. ती आईच्या जागेवर, मागच्या सावलीत जाऊन बसून राहिली. नत्थुजी तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "तुह्या माये­नं तुले दर्यापुरात द्या म्हनलं होतं. मी आयकलं नाई." वच्छला म्हणाली, "बाबा, मी सुखात हावो. सासरचे माह्याच हातचे रांजन इकतात." त्यावर नत्थुजीनं विचारलं, "तुह्यं नाव घेतात का?" वच्छलाला प्रश्न कळला नाही. त्यानं तो दुसऱ्यांदा विचारला नाही.

पुढे नत्थुजीनं मोठे रांजण घडवणं सोडलं. लहान माठ, पणत्या, संक्रांतीची सुगडी, आणि कुणी गेलं तर त्यासाठी मडकी, एवढंच तो करायचा. रांजण मागायला कुणी आलं की सांगायचा, "अमरावतीले जा. तथी वच्छला म्हनून माही लेक हाये. थ्या घरात कोनालेही इचारा, पन रांजन तिलेच मांगा. तिच्या नवऱ्याले नाई, तिले."

एवढ्या लांब रांजणासाठी कुणी जात नसे. लोक बरं म्हणायचे आणि जे असेल ते घेऊन जायचे.